शेंदूर, डांबर, मेण : गाडीच्या गंजरोधक थरांत दडलेलं बडोदं

बडोद्याच्या इतिहासाची साधनं म्हटली की आपल्यापुढे मोडीतली दप्तरं येतात, हुजूर हुकूम येतात, नाणी, शिलालेख, जुने फोटो येतात. रेल्वेच्या एखाद्या जुन्या वाघिणीवरचा किंवा मोटारीच्या पोटाखालचा रंगाचा पापुद्रा या यादीत कुणी धरत नाही. मी पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. पंचवीस वर्षं कारखान्यात काढली, त्यातली निम्मी पेंट शॉप आणि मेंटेनन्समध्ये. इतिहासाचं रीतसर शिक्षण माझं नाही. पण लोखंडावर कुठला थर कधी आणि का चढतो, आणि तो उतरवताना काय काय जातं, हे हाताखालून गेलेलं आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो: जुनी वाहनं जपण्याच्या उत्साहात आपण त्यांच्यावरचे गंजरोधक थर सरसकट खरवडून टाकतो आहोत, आणि त्याबरोबर या संस्थानाचा एक लेखी पुरावाही घालवतो आहोत. लेखी म्हणतोय ते अलंकारिक नाही. अक्षरं कशी सापडतात ते पुढे येईलच.

आधी थोडी पार्श्वभूमी

डभोई–मियागाम हा सुमारे ३२ किलोमीटरचा अडीच फुटी मार्ग खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये सुरू झाला. भारतातली ही पहिली नॅरोगेज. सुरुवातीला डबे ओढायला बैल होते. रूळ बदलून इंजिनं नियमित धावायला १८७३ उजाडलं. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत या छोट्या गाड्यांचं जाळं संस्थानभर पसरलं. ‘गायकवाड्स बडोदा स्टेट रेल्वे’, म्हणजे जी.बी.एस.आर., ही आद्याक्षरं डब्यांवर आली. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, रेल्वे बी.बी. अँड सी.आय. मध्ये गेली, आणि ५ नोव्हेंबर १९५१ ला पश्चिम रेल्वे झाली. आता बघा, अडीच वर्षांच्या आत त्याच डब्याचे तीन मालक झाले! प्रत्येक मालक बदलल्यावर रंगारी आला, त्याने जुनी अक्षरं झाकली आणि नवी काढली. खालचा रंग खरवडून काढायला वेळ आणि मजुरी लागते, म्हणून बहुतेक वेळा वरूनच हात मारला गेला. आपल्या दृष्टीने हा आळस फार उपकारक ठरला.

शेंदराचा हात

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू, दोन्ही लागतात. त्यात मीठ मिसळलं की काम झपाट्याने होतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून रिव्हेट मारलेल्या दोन पत्र्यांमध्ये तो शिरला की पत्रे फुगून वेगळे होतात आणि रिव्हेटची डोकी उडतात. हे टाळण्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रेल्वे कारखान्यांचा मुख्य उपाय होता रेड लेड. रेड लेड म्हणजे आपला शेंदूर, हो, तोच मारुतीचा. शिशाचा हा नारिंगी ऑक्साइड पाण्याच्या आठ-नऊ पट जड असतो. उकळलेल्या अळशीच्या तेलात (रंगारी त्याला बेलतेल म्हणतात) तो घोटून ब्रशने लावायचा. देवळात तेल-शेंदूर आणि कारखान्यात तेल-शेंदूर, कृती एकच.

शेंदूर नुसतं झाकण घालून थांबत नाही. तेलातल्या आम्लांशी त्याची हळूहळू प्रक्रिया होऊन शिशाचे साबण बनतात आणि ते लोखंडाच्या पृष्ठभागावर गंजाची क्रियाच मंदावतात. पत्रा पुरता साफ नसला, थोडा गंज राहिला असला, तरी तेल आत झिरपतं आणि काम होतं. म्हणूनच पूल, जहाजं, बॉयलरची पाठ, डब्यांचे खालचे सांगाडे, सगळीकडे पहिला हात शेंदराचा असे.

पुढे शेंदूर महाग पडू लागला आणि शिशाचं विष लोकांच्या ध्यानात आलं, तसा रेड ऑक्साइड पुढे आला. नाव सारखं वाटतं, पण वस्तू निराळी. रेड ऑक्साइड म्हणजे गेरूच्या जातीचा लोहाचा ऑक्साइड. त्याच्या अंगी स्वतःचा असा गंजरोधक गुण फारसा नाही, म्हणून त्यात झिंक क्रोमेट घालतात. भारतीय मानकांत शेंदराच्या प्रायमरचं एक मानक आय.एस. १०२ आहे, आणि रेड ऑक्साइड-झिंक क्रोमचं आय.एस. २०७४. डोळ्यांनी ओळखायची खूण सोपी: शेंदूर झेंडूसारखा नारिंगी, रेड ऑक्साइड विटकरी. एकाच पत्र्यावर तळाशी नारिंगी आणि वर विटकरी दिसला, तर तळाचा हात जुन्या पिढीचा आणि वरचा नंतरच्या दुरुस्तीचा, असा अंदाज बांधायला हरकत नाही. हा पुरावा एकट्याने पुरेसा नसतो, पण दप्तरातल्या नोंदीशी जुळला तर भक्कम होतो.

डांबर : दोन जातींचं

गाडीच्या पोटाखाली लावायचा काळा थर म्हणजे डांबर, असं आपण सरसकट म्हणतो. खरं तर मराठीतला हा एक शब्द दोन वस्तूंना वापरला जातो. एक दगडी कोळशापासून निघणारं कोलटार, दुसरं खनिज तेलातून निघणारं बिटुमेन. कोलटारला डांबरगोळीचा वास येतो. ओळखायची घरगुती पद्धत अशी: पांढरं फडकं रॉकेलमध्ये बुडवून थरावर घासा. फडकं लगेच कॉफीसारखं तपकिरी झालं तर बिटुमेन. फिकट पिवळट-हिरवी झाक आली तर कोलटार. एक सूचना: कोलटारमधली काही रसायनं कर्करोगकारक आहेत, तेव्हा हातमोजे घालूनच हे करावं.

मोटारींच्या तळाला बिटुमेनचा जाड थर देण्याची चाल विसाव्या शतकाच्या मध्यात रूढ झाली. चाकाने उडवलेले खडे त्यात अडतात, आवाज कमी होतो, पावसाचं पाणी पत्र्याला लागत नाही. पहिली काही वर्षं झकास! मग तेलकटपणा जातो, थर कडक होतो, केसासारख्या भेगा पडतात. पाणी भेगेतून आत शिरतं आणि वाळायला वाटच उरत नाही. वरून काळा कुळकुळीत थर, आतून पत्रा पापडासारखा, असं मी अनेक गाड्यांत पाहिलं आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाजाच्या मध्येच बद्द आवाज आला, तर तिथे थर सुटलेला आहे.

काही मेकॅनिक पावसाळ्याआधी गाडीखाली वापरलेलं इंजिन ऑइल मारतात. पाणी दूर राहतं हे खरं, पण ते रबरी बुश खातं आणि जमिनीत झिरपतं. इतिहासाच्या दृष्टीने त्याचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा: अशा तेलकट थराखाली मूळ रंग कधी कधी आश्चर्यकारक टिकलेला असतो.

युद्धाची चरबी

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्यातल्या कित्येक सुट्या भागांच्या खोक्यांतून समुद्रमार्गे गेल्या. आठवडेच्या आठवडे खारी हवा. उघडं लोखंड टिकणार कसं? त्यावर अमेरिकन लष्कराने वापरलेला उपाय म्हणजे पेट्रोलियमपासून केलेली, व्हॅसलीनच्या जातीची तपकिरी चरबी. फिलाडेल्फियाच्या हॉटन कंपनीच्या ‘कॉस्मोलीन’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. लावताना पातळ आणि गरम, थंड झाल्यावर घट्ट. जुनी झाली की तिचं मेण होतं आणि काढणाऱ्याचा जीव खाते.

युद्धानंतर लष्कराच्या जादा मालाची विक्री झाली आणि जीप खासगी हातांत आल्या. आजही जुन्या गिअरबॉक्सच्या किंवा कधीच न वापरलेल्या सुट्या भागाच्या खोबणीत ही चरबी सापडते. ती साधारण ४५ ते ५२ अंश सेल्सिअसला वितळते. मे महिन्यातल्या बडोद्यात काळ्या रंगवलेल्या पत्र्याच्या पेटीत भाग ठेवून पेटी उन्हात ठेवली, की दुपारपर्यंत अर्धी चरबी आपोआप गळते. उरलेली रॉकेल आणि मऊ ब्रशने निघते. आगीचा किंवा वेल्डिंगच्या टॉर्चचा काही संबंध नाही. आणि हो, खोक्यावरचं किंवा भागाला बांधलेलं लेबल चरबीत चिकटलेलं असतं. पुसण्याआधी ते शोधा. भागाचा क्रमांक कळला तर अर्धा इतिहास हाती लागतो.

फॉस्फेट आणि मेण

इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये लोखंडाला फॉस्फेटचा थर देण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. पुढे मोटार कारखान्यांत रंगाआधी हा राखाडी, मंद थर देणं सर्रास झालं. १९६० च्या दशकात फोर्डने अख्खी बॉडी विजेच्या साहाय्याने प्रायमरच्या टाकीत बुडवायची पद्धत आणली आणि ब्रश न पोचणाऱ्या कोपऱ्यांतही प्रायमर पोचला. दरवाज्याच्या आतल्या पोकळीत, चौकटीच्या नळीत पातळ मेण फवारण्याची पद्धतही याच सुमारास वाढली.

याचा आपल्याला उपयोग काय? एखाद्या जुन्या मोटारीचं एक मडगार्ड राखाडी फॉस्फेटवर रंगवलेलं निघालं आणि दुसरं थेट पत्र्यावर रेड ऑक्साइड मारलेलं, तर दुसरं मडगार्ड बहुधा स्थानिक कारागिराने हाताने ठोकून बनवलेलं असतं. मोटार जमवणाऱ्याला ते ‘नकली’ वाटतं. मला ते बडोद्यातल्या एखाद्या डेंटरचं काम वाटतं. सुटे भाग मिळत नव्हते त्या काळात त्याने लाकडी साच्यावर पत्रा वळवून ही गाडी चालती ठेवली. त्याची दुसरी कुठलीच नोंद उरलेली नसते.

वाळूच्या फवाऱ्याने काय जातं

काही वर्षांपूर्वी एका आवारात (नाव घेण्याचं कारण नाही) शोभेसाठी उभी केलेली नॅरोगेजची एक जुनी मालवाघीण सजवायची ठरली. काम चौरस फुटाच्या दराने दिलं गेलं. दोन दिवस वाळूचा फवारा मारून पत्रा पांढराफटक केला, मग चकचकीत काळा आणि लाल इनॅमल. फोटो सुंदर येतात. खाली काय होतं, कितवा थर कुठल्या रंगाचा, अक्षरं होती का, असं विचारलं तेव्हा कुणालाच सांगता येईना. पत्र्यावर ठोकलेला कारखान्याचा छापही अर्धा झिजला होता. शिवाय फवाऱ्याने खडबडीत झालेल्या पत्र्यावर प्रायमर त्याच दिवशी चढायला हवा. इथे मध्ये एक पावसाची रात्र गेली होती. पुढच्या दिवाळीपर्यंत इनॅमलला फोड आले.

याउलट एका खासगी आवारातल्या तशाच दुसऱ्या वाघिणीवर मला दोन संध्याकाळ काम करू दिलं गेलं. तिथे कुठलंही खरवडकाम न करता आधी फक्त टॉर्च वापरला. अंधार पडू लागला की टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा. अक्षरांचा रंग जाड असतो, म्हणून वरून पाच हात चढले तरी अक्षरांचे काठ उचललेले राहतात आणि त्यांची सावली पडते. अशा तिरप्या उजेडात मधल्या फळीवर इंग्रजी ‘जी’ आणि ‘बी’ स्पष्ट दिसले, आणि त्यांच्या शेजारी ‘एस’चा खालचा बाक. संस्थान विलीन होऊन सत्तर वर्षं उलटली, तरी वरच्या रंगांखाली ही नावनिशाणी शाबूत होती. वाळूच्या फवाऱ्याला ती पुसायला दहा मिनिटंही लागली नसती.

थर वाचायचा कसा

पद्धत साधी आहे, खर्चही नगण्य. सहज न दिसणारी, उन्हा-पावसापासून झाकलेली एक जागा निवडा: बिजागरीच्या मागे, फूटबोर्डच्या खाली, बॉनेटच्या आत. रुपयाच्या नाण्याएवढी जागा बारीक पाणपेपरने, पाणी लावत, गोल गोल घासा. मध्यभागी पत्रा दिसेपर्यंत जा, काठाकडे हात हलका ठेवा. झाडाच्या खोडाला असतात तशी वर्तुळं दिसू लागतील. सगळ्यात आतलं सगळ्यात जुनं. शेजारी मोजपट्टी ठेवून, दिवसाच्या सावलीतल्या उजेडात फोटो काढा. थर आतून बाहेर मोजून लिहा. अशा तीन-चार जागा घेतल्या की कुठला थर अख्ख्या गाडीवर आहे आणि कुठला एका दुरुस्तीपुरता, ते कळतं.

कोरडं घासायचं नाही, हे पुन्हा सांगतो. तळाचा नारिंगी थर शिशाचा असतो आणि झिंक क्रोमेटही कर्करोगकारक आहे. त्यांची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतलं शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१७ पासून लागू झाले, पण जुन्या वाहनावरचा रंग त्याआधीचा असतो. पाणी, मास्क, हातमोजे, आणि घासलेला गाळ वर्तमानपत्रात गोळा करून वेगळा ठेवणं, एवढं करायलाच हवं. कोरडी वाळू फवारण्यावर ब्रिटनने १९४९ मध्येच बंदी घातली, कारण वाळूच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस होतो. आपल्याकडे अजूनही एखाद्या आवारात तोंडाला फडकं बांधून मुलं हे काम करताना दिसतात. वारसा जपण्याच्या नावाखाली तरी हे चालू देऊ नये.

काय काढायचं, काय ठेवायचं

थर जपायचा म्हणून लोखंड मरू द्यायचं, असं मी म्हणत नाही. भेगाळलेलं, सुटलेलं डांबर काढायलाच हवं. ते पाणी धरून ठेवतं आणि सांगाड्याला आतून खातं. हीट गनने जेमतेम मऊ करून बोथट पत्तीने उचलावं. धूर निघू लागला की उष्णता जास्त झाली असं समजा. उरलेला डाग रॉकेलने. कोरडा बर्फ मिळाला तर उत्तमच; थंडीने डांबर ठिसूळ होऊन तुकड्यांनी निघतं, फक्त बंद खोलीत हे करू नये.

घट्ट बसलेला शेंदूर मात्र शक्यतो काढू नये. तो अजून काम करतो आहे, आणि त्याच्याइतका धरून बसणारा हात आज आपण सहज देऊ शकत नाही. सैल पापुद्रे ओलसर करून उचलावेत, बाकी तसाच ठेवून त्यावर नवा थर द्यावा.

गंज काढायला मिठाचं तेजाब वापरण्याचा मोह टाळावा. दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेलं क्लोराइड धुऊन निघत नाही आणि वर्षभरात गंज दुपटीने परततो. उघड्या गंजावर टॅनिक आम्लाचा हात देणं संग्रहालयांतली मंडळी पसंत करतात. गंजाचं त्याने काळं, स्थिर संयुग बनतं. हिरडा आणि हिराकस मिळून काळी शाई होते हे आपल्याकडे पूर्वापार माहीत आहे. रसायन त्याच घराण्यातलं.

जी जागा पूर्ण साफ करावीच लागेल, तिथेही हातभर रुंदीची एक पट्टी मूळ थरांसह ठेवावी आणि तिच्यावर मेणाचा पातळ हात द्यावा. मेण पुढे कधीही गरम पाण्याने किंवा रॉकेलने निघतं, म्हणजे नंतर येणाऱ्या अभ्यासकाची वाट बंद होत नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिवाने, २०१३ मध्ये मान्य केलेली तुरिन सनद हेच सांगते: हस्तक्षेप कमीत कमी, आणि वापराच्या खुणा हा इतिहासाचा भाग. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला, तेव्हा झळाळत्या गाड्यांभोवती गर्दी उसळली होती. ती झळाळी मलाही आवडते. पण प्रत्येक गाडी तशी करायला निघालो, तर पुढच्या पिढीला अभ्यासायला फक्त आपलाच रंग उरेल.

वेळ थोडा आहे

डभोईहून केवडियापर्यंत जानेवारी २०२१ पासून ब्रॉडगेज गाड्या जातात. ग्वाल्हेरची दोन फुटी श्योपूर गाडी २०२० मध्ये थांबली. छोट्या रुळांवरची बहुतेक वाहनं आता धावती गाडी राहिली नाहीत. ती भंगारात जातील किंवा चौथऱ्यावर. भंगारात गेली तर सगळंच गेलं. चौथऱ्यावर आली तर पहिलं संकट रंगाच्या कंत्राटाचं.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. एक, बडोदे आणि डभोई परिसरात उभ्या असलेल्या प्रत्येक जुन्या डब्याची, इंजिनाची आणि संस्थानकालीन मोटारीची, मालकाच्या परवानगीने, थरांची नोंद करावी. एका वाहनाला दोन माणसं आणि एक संध्याकाळ पुरते. दोन, कुठेही असं वाहन रंगवायला निघालं आहे असं कळलं, तर कंत्राट निघण्याआधी त्या व्यवस्थापनाला एक पानाचं विनंतीपत्र द्यावं: आधी टॉर्च, मग नाण्याएवढी चाचणी, मग फोटो, आणि एक पट्टी राखून ठेवा. पत्राचा मसुदा मी तयार केला आहे. ज्यांच्या घरी १९४९ पूर्वीचे, डबा किंवा मोटार दिसत असलेले फोटो आहेत त्यांनी ते स्कॅन करून मंडळाकडे पाठवावेत. कृष्णधवल फोटोत रंग कळत नाही, पण अक्षरं कुठे होती ते कळतं, आणि टॉर्च नेमका कुठे धरायचा ते त्यावरून ठरवता येतं.